शून्य पाट्यांचे दोन दिवस

सकाळपासून हरेश्वरचा पाय एका जागी ठरत नव्हता. दुपारच्या लाँचने अहवाल जायचा होता, आणि अख्ख्या बंदराचा बर्फ त्या अहवालात अडकला होता.

साल एकोणीसशे एकोणसाठ. जिथे हंगामात रोज सरासरी वीस पाट्यांहून जास्त मासळी उतरते तिथे बर्फाचं कोठार बांधायचं, असं सरकारने ठरवलं होतं. रोज बसून मोजणार कोण? म्हणून चिठ्ठ्या टाकून तीस दिवस निवडले आणि मोजायला गावचाच, इंटर पास झालेला हरेश्वर नेमला. पाट्या मोजायलाही इंटर व्हावं लागतं, हे गावाला तेव्हा कळलं.

सरासरी आली बावीस. धर्माजी पाटील लगेच नारळ आणायला निघाले. हरेश्वरने त्यांना ओट्यावर बसवलं.

"पाटील, बावीस ही तीस दिवसांची. सगळ्या हंगामाची खरी सरासरी अठरा ते सव्वीसच्या पट्ट्यात असावी, येवढंच सांगता येतं."

"म्हंजे रोज अठरा ते सव्वीस पाट्या? परवा तर सातच आल्या."

"रोजचं न्हाय सांगत. खरी सरासरी एकच हाय, ती हलत न्हाय. हलतो तो आपला पट्टा. दुसरे तीस दिवस निघाले असते तर पट्टा दुसरा आला असता. असे शंभर पट्टे काढले तर साधारण पंच्याण्णवांत खरा आकडा घावंल, पाचांत न्हाय. आपला त्यातला कुठला, ते मला ठावं न्हाय."

पोरगं शिकून वाया गेलं, हे पाटलांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. त्यात सरकारला पट्ट्याचं खालचं टोकच वीसच्या वर हवं होतं, आणि ते अठरावर अडलं होतं.

पाटलांनी वही ओढली. "ही दोन शून्यं कसली?"

एक होळीचं होतं. दुसरं हरेश्वरचा काका दयाराम गेला त्या दिवसाचं. गावात माणूस गेलं की त्या दिवशी कोणी होडी लोटत नाही.

"होड्याच गेल्या न्हाईत तर तो दिवस धरतोस कशाला? खोड."

ऐकायला बरोबर वाटत होतं. हरेश्वरने दोन्ही दिवस खोडले आणि नव्या कागदावर गणित मांडलं. पट्टा वीसच्या जरा वर सुरू होऊन सत्तावीसला थांबला. पाटील खूश झाले. हरेश्वर मात्र उठला, बसला, तीनदा पाणी प्यायला. सही काही होईना.

अंगणात दयारामची बायको नीराबाई बोंबील वाळत घालत होती. बर्फाची सगळ्यात जास्त गरज तिलाच. तिची मासळी माणगावच्या बाजारात पोचेपर्यंत निम्मी नासायची आणि गिऱ्हाईक नाकाला पदर लावायचं.

"हरी, काय खोडलंस?"

त्याने खाली मान घालून सांगितलं.

"त्या दिशी बंदरात मासळी किती आली?"

"आलीच न्हाय, काकी."

"मंग? उद्या पाटील गेलं, परवा मी गेले, तरी होड्या वरच ऱ्हातील. त्या दिशी सरकारचा बर्फ कशावर घालशील?"

पाटील चुळबुळले. हरेश्वर म्हणाला, "बर्फ हातचा जाईल. तुझंच जास्त नुकसान हाय."

"ठावं हाय." तिने हातातले बोंबील खाली ठेवले. "त्यांच्यासाठी अख्ख्या बंदरानं एक दिस पोटाला चिमटा घेतला. त्यांना मिळालं ते येवढंच, हरी. ते पन खोडतोस?"

हरेश्वरला रडू फुटलं. त्याने ते लपवलं नाही. नवा कागद फाडला, वहीत दोन्ही शून्यं पुन्हा लिहिली, अहवालात अठरा ते सव्वीस मांडले आणि सही केली. पाटील ओट्यावरून उठून निघून गेले.

नीराबाईने पापलेटांची पाटी डोक्यावर चढवली. ऊन तापलं होतं, वास सुटायला लागला होता. माणगावची गाडी गाठायला ती भराभर चालू लागली.