म्हशीला पान्हा कसा आणावा

प्रमोदिनीबाईंची शिकवायची तऱ्हा जळकोटला पचायला जड. एखादं काम कसं करायचं ते पोरांनी लिहायचं, आणि बाई ते लिहिलं तसं, त्याच क्रमानं करून दाखवणार. कुमारनं चहाच्या कृतीत पातेलंच लिहिलं नव्हतं, तर बाईंनी साखर थेट शेगडीवर ओतली.

हर्षालीनं लिहून आणली म्हशीची धार, कारण घरात तीच अडचण. तिची आजी कस्तुराबाई डोळ्याच्या ऑपरेशनला सोलापूरला गेलेली, आणि म्हैस दुसऱ्या कुणाला पान्हा सोडीना. काल सांज, आज सकाळ, चरवी कोरडीच. कास दगडागत टणक झालेली. ढोरांचे डॉक्टर सांगून गेले होते, आज मोकळी झाली नाही तर सड निकामी होतील.

"बाई, तुमीच करून बघा," हर्षाली म्हणाली. संध्याकाळी बाई आल्या. शेजारी म्हणून मीही कुंपणाशी; फुकटचा तमाशा मी सहसा सोडत नाही.

तुळजापूरच्या पुजाऱ्यांची ही लेक, म्हशीखाली पहिल्यांदाच बसत होती. पण लिहिलेलं सगळं केलं. रेडकू सोडलं, ढुशा देऊ दिल्या, पेंड ठेवली, कास धुतली. कस्तुराबाईचं लुगडंसुद्धा अंगावर घेतलं. म्हैस ढिम्म.

हर्षाली रडायच्या बेतात. तिनं डोळे मिटले आणि रोजची संध्याकाळ पहिल्यापासून पुटपुटायला लागली. एकदम थांबली.

"बाई, एक ऱ्हायलं. ते सगळ्यात आधी येतं. रेडकू सोडताना आबा त्याला शिव्या देतात."

आबा म्हणजे बलभीम, कस्तुराबाईचा नवरा. बायको सोलापूरला गेल्यापासून हा गृहस्थ रेडकाला 'बाळा, राजा' करत होता, ते मी ऐकलेलं.

"बाईंसमोर? लाज हाय का न्हाय पोरी?"

"आबा, लिहिलंय ते करायचं," बाई म्हणाल्या. हर्षालीनं ती ओळ सगळ्यात वर लिहिली आणि रेडकू पुन्हा दाव्याला बांधलं.

बलभीमनं घसा खाकरला, दावं सोडलं. "अय मुडद्या! सरक की तिकडं! गोठा तुझ्या बापाचा हाय व्हय?"

म्हशीनं कान टवकारले. मान वळवून दाराकडं पाहिलं. रोज या आवाजामागून कस्तुराबाईच येते. रेडकानं तोंड लावलं न लावलं तोच दुसऱ्या सडातून थेंब टपकला, मग दुसरा. बाईंनी हात लावला आणि चरवीच्या तळाशी धार वाजली.

 

"बाई, आता क्रम बरोबर आला?" हर्षालीनं हळूच विचारलं. बाईंनी धार न थांबवता मान हलवली.

घरी पोचल्यावर बायको म्हणाली, "चपला कुठं हायत?" पायांकडं पाहिलं तेव्हा कळलं, धार वाजली तेव्हा, देवळाबाहेर काढाव्यात तशा, त्या बलभीमच्या कुंपणाशी काढून ठेवल्या होत्या.