उन्हात ठेवलेल्या बॉबिनी

पलूसच्या बाहेर, उसाच्या फडांना लागून असलेल्या कापडाच्या गिरणीत राणीला लागून अजून महिनाही झाला नव्हता. तिचं माहेर आटपाडीकडं, मेंढरांच्या घरचं. नवरा तानाजी सांगलीच्या हळदीच्या पेठेत टेंपो चालवायचा. गिरणीत सूतगोदाम सांभाळणाऱ्या क्रांतीनं शब्द टाकला, म्हणून राणीला हे काम मिळालं होतं.

काम वरून सोपं दिसायचं. रबरासारखा ताणणारा बारीक धागा पेट्यांतून यायचा. नळीवर गुंडाळलेल्या त्याच्या बॉबिनी ट्रॉलीवर मांडून विणायच्या हॉलमध्ये रात्रभर ठेवायच्या, तिथल्या हवेला सरावू द्यायच्या आणि मगच मशीनवर चढवायच्या. पण क्रांतीचा जाच मोठा होता. बांगड्या काढ. नखं काप. धाग्याला बोट लावायचं न्हाई, आतल्या नळीत बोटं घालून उचल. राणीचे तळवे खरखरीत, म्हणून तिला हातमोजे दिले होते. तरी प्रत्येक बॉबिन ती जपूनच उचलायची.

एके दिवशी क्रांती सासू शालूबाईंचे डोळे दाखवायला सांगलीला गेली होती. नेमका त्याच दिवशी माल आला. वाटेत अवकाळी पाऊस लागलेला, ताडपत्री फाटलेली, खालच्या पेट्यांचा पुठ्ठा भिजून मऊ पडलेला. राणीनं पेटी उघडली तर बॉबिनीही गार लागल्या. विचारायला जवळ कुणी नव्हतं. लोकरीला ओल लागली की तिची आई रंगुबाई ती आधी उन्हात पसरायची. नाहीतर वास धरतो, कीड लागते. राणीनं ओलसर बॉबिनी गोदामामागच्या कट्ट्यावर ओळीनं मांडल्या. दुपार टळेपर्यंत त्या कोरड्या ठणठणीत झाल्या. मग तिनं पुसून-बिसून त्या बाकीच्यांबरोबर ट्रॉलीवर लावून टाकल्या. आपण शहाणपण केलं, असंच तिला वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी क्रांतीनं भिजका पुठ्ठा पाहिला.

"ह्यातला माल कुठं ठेवलास गं?"

"काढून ट्रॉलीवर मांडला, ताई."

"ब्येस केलंस. दुसरी एखादी असती तर तिनं वाळवायला उन्हात टाकला असता. ऊन लागलं की ह्या धाग्याचा ताण मरतो. आणि मेलेला डोळ्याला दिसत न्हाई, कापड रंगवल्यावर पट्टे उठत्यात."

'ताई, मीच टाकला', एवढंच राणीला म्हणायचं होतं. पण ती ट्रॉलीकडं बघत राहिली. तेवढ्यात क्रांतीला कुणीतरी हाक मारली आणि ती गेली.

राणी ट्रॉलीपाशी वाकून बघू लागली. कोणत्या उन्हातल्या, कोणत्या सावलीतल्या? सगळ्या सारख्याच पांढऱ्याफटक. तिनं एक नाकाशी धरली, एक उजेडात फिरवली. काही कळेना. 'घटकाभर ऊन लागलं, त्यानं काय हुतंय?' असं तिनं स्वतःला समजावलं. पण हे कापड कशाला जातं ते तिला माहीत होतं. भाजलेल्या माणसांच्या जखमा भरल्या की त्यावर घट्ट चढवायच्या बाह्या त्याच्या शिवायच्या. व्रण उठून येऊ नये म्हणून. बाही एका जागी सैल पडली तर?

आणि सांगावं तर? आपली नोकरी जाईल ते जाईल, क्रांतीताईंचीही मान खाली जाईल.

मशीनवरच्या माणसांनी ट्रॉली मशीनपाशी नेली. बॉबिनी चढल्या, धागे ओवले गेले आणि मशीन गरगरू लागलं. खाली कापडाची नळी उतरू लागली, गुळगुळीत, कुठं डाग नाही. विणकामाचे मास्तर दिग्विजय पलीकडच्या टोकाला दुसऱ्या मशीनवर वाकले होते. राणीनं हाक मारली, पण त्या खडखडाटात तिची तिलाच ऐकू आली नाही. कापड वीत वीत वाढत होतं. तिनं डोळे मिटले आणि मशीनच्या अंगावरचं लाल बटण दाबलं.

मशीन खटकन थांबलं. दिग्विजय धावत आले, मागून क्रांती.

"कुणी दाबलं?"

"म्या, सर," राणी म्हणाली. "ह्यातल्या काही बॉबिनी म्या काल उन्हात ठिवल्या व्हत्या. वल्या व्हत्या म्हणून. कंच्या ते आता वळखू येत न्हाई."

"उन्हात? कशासाठी?"

"लोकर भिजली की आमी तसंच करतो."

कुणी हसलं नाही. क्रांतीचा चेहरा पडला होता. दिग्विजय म्हणाले, "सगळी ट्रॉली बाजूला घ्या. उतरलेल्यातला तुकडा कापून रंगाला पाठवा."

तो तुकडा रंगून येईपर्यंत राणीला रिकामे पुठ्ठे आवरायला बसवलं. तिनं डबा उघडला आणि तसाच परत झाकला. येणारा-जाणारा आपल्याकडंच बघतोय असं वाटत होतं. पट्टे नाही उठले तर उगाच मशीन बंद पाडलं म्हणतील, आणि उठले तर... दोन्हीकडून मरणच होतं.

दुपारनंतर निळ्या रंगाचा तुकडा आला. दिग्विजयनी तो खिडकीच्या उजेडात ताणून धरला. आडवे फिकट पट्टे होते, मध्येच एक, मग पुढं दोन. एका पट्ट्यावर बोट दाबून ते क्रांतीला म्हणाले, "बघा, इथं ताण धरतच नाही." मग राणीकडं वळले. "माल उशिरा जाणार. मला वर उत्तर द्यावं लागेल, ते मी देईन. पण क्रांतीबाई समोर असल्याशिवाय तुम्ही धाग्याला हात लावायचा नाही. कळलं?"

"व्हय, सर."

"आणि क्रांतीबाई, नव्या माणसाला एकटं सोडून तुम्ही रजेवर जाता? ऊन चालत नाही हे यांना आधी कुणी सांगायचं?"

क्रांती खाली मान घालून ऐकत राहिली. राणीला ते स्वतःला ऐकाव्या लागलेल्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

सुट्टी झाल्यावर क्रांतीनं स्कूटी काढली. रोज राणी न विचारता मागं बसायची. आज ती फाटकापाशीच थांबली.

"चुकलं, ताई. माझ्यापायी तुमाला ऐकून घ्यावं लागलं."

"लय राग आलाय मला," क्रांती म्हणाली. "सकाळी तोंडासमोर विचारलं तवा का बोलली न्हाईस?"

"भ्या वाटलं."

रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर गेला, धुरळा खाली बसला.

"चूक सांगताना मला बी भ्या वाटतं," क्रांती म्हणाली. "आता बस. उद्या नव्या पेट्या उघडायच्या हायत. लवकर ये, माझ्यासंगट उघड."

राणी मागं बसली. न खाल्लेला डबा तिनं ओटीत घट्ट धरला.