हिवरखेडचा झिरा

मी एक जुनी सागवानी पाटी आहे. मेळघाटच्या लाकडाची, अंगाने दणकट आणि स्वभावाने मुलखाची चौकस. नदीच्या वाळूत उभ्या उभ्या मला एकच कोडं पडलं होतं : परगावी आलेला माणूस नीट वागतो, तो नेमका कशाने?

मित्रांनो, माझं ठिकाण कौंडण्यपूर, वर्धा नदीचा काठ. जत्रा भरली की बैलबंड्या भरभरून लोक येतात. गोवऱ्यांच्या आरावर कणकेचे रोडगे भाजतात, पळसाच्या पत्रावळीवर जेवतात. प्यायला वाळूत खड्डा खणतात. त्यात गाळलेलं, गार पाणी झिरपतं. त्यालाच झिरा म्हणायचं. जत्रा पांगली की गावालाही याच वाळूतलं पाणी प्यायचं असतं. पण पाहुण्यांनी झिऱ्यात भांडी विसळली की सगळी वाळूच खरकट्याने आंबते.

म्हणून गावकऱ्यांनी मला घडवलं. सुताराने रंधा मारला, रंगाऱ्याने तांबड्या अक्षरांत लिहिलं, 'झिऱ्यात घाण करू नये. दंड होईल.' मला वाटलं, आता सगळे चळाचळा कापतील!

पहिल्याच जत्रेत हिवरखेडचे महादेवराव आले. तेल्हाऱ्याकडचे शेतकरी, भरदार मिशांचे. त्यांनी मला मोठ्यांदा वाचलं, "अक्षर झकास हाये हो!" म्हणाले आणि माझ्यावर ओलं धोतर वाळत घातलं. त्यांच्या सुनेने, रुख्मिणीने, झिऱ्यातच वरणाचं भगोणं विसळलं. माणसं वाईट नव्हती. येणाऱ्याजाणाऱ्याला बोलावून रोडगे वाढत होती. मग असं का, हे मला काही केल्या उमगेना.

जत्रेनंतर तेच पाणी पिऊन काठावरच्या सुंदराबाईची नात सुभद्रा हगवणीने मरता मरता वाचली. सुंदराबाई माझ्यासमोर येऊन कडाडली, "तुयं का आता लोणचं घालू?" मला फार लाज वाटली. नुसत्या अक्षरांना का कोणी भितं?

पुढच्या साली पहिली बंडी दिसताच सुंदराबाईने मला उपटलं, उलटं केलं आणि कोरी पाठ पुढे करून पुन्हा रोवलं. बंडीतून महादेवरावच उतरले.

"कोन्या गावचे हो भाऊ तुमी?"

"हिवरखेडचे, बाई."

"मंग हा झिरा हिवरखेडचा. मले लिवता येत नाही, तुमीच लिवा."

महादेवराव हसले. चुलीतला कोळसा घेऊन त्यांनी माझ्या पाठीवर ठसठशीत लिहिलं, 'हिवरखेडचा झिरा'. गुदगुल्या झाल्या मला!

दुपारी रुख्मिणी भगोणं घेऊन झिऱ्याकडे निघाली. सुंदराबाई नातीला कडेवर घेऊन दुरून पाहत होती. माझा तर जीव टांगणीला लागला. तेवढ्यात महादेवराव गरजले, "अवो सूनबाई, तिथं काहून धुवाले चालली? वर गावाचं नाव हाये! लोक हिवरखेडले काय म्हनतीन?"

रुख्मिणी जागच्या जागी थबकली. भगोणं घेऊन पार खालच्या अंगाला गेली, झिऱ्यापासून लांब. मित्रांनो, माझं कोडं तिथे सुटलं. दंड परक्याचा होता. नाव त्यांचं स्वतःचं होतं.

निघताना त्यांनी पत्रावळ्या वेचल्या, झिरा उपसला, कुत्री शिरू नयेत म्हणून भोवती बोराटीचे काटे लावले. सुंदराबाई पुढच्या पाहुण्यांसाठी कोळसा पुसायला लागली, तर महादेवराव अजिजीने म्हणाले, "पुसू नका ना बाई. त्याइले दुसरी पाटी द्या."

त्या साली जत्रा पांगल्यावर सुभद्रा माझ्याजवळ ओणवी झाली आणि ओंजळीने पोटभर पाणी प्याली. मीही सुखावले.

बालमित्रांनो, कुठेही पाहुणे म्हणून गेलात, तर त्या जागेवर आपल्या गावाचं नाव लिहिलंय असं समजून वागा. आता मी म्हातारी झाले. माझ्यावरचा 'दंड' पावसापाण्याने केव्हाच धुऊन गेला. 'हिवरखेड' मात्र दर जत्रेला कोणीतरी नव्या कोळशाने गिरवून जातं.