कागदावरची लाल मूठ

शाओशिंगच्या बाजारात मंग टोफूवाल्याच्या प्रेताभोवती सगळं गाव लोटलं होतं. इन भगतानं प्रेताच्या छातीवर पिवळा कागद ठेवला, मंत्र पुटपुटला, तीर्थाची चूळ फवारली आणि कागदावर लालभडक मूठ उमटली.

"पाहा, खुनी मूठ स्वतःच बोलली," भगत म्हणाला. लोकांनी गुडघे टेकले. मी कचेरीतला कारकून. मुठी बोलत असत्या तर आमची जबान्या लिहायची कटकट तरी वाचली असती.

अठरा दिवसांपूर्वी च्यू रंगाऱ्यानं भांडणात मंगच्या छातीत ठोसा हाणला होता. मार खाल्लेला माणूस वीस दिवसांच्या आत त्याच माराने मेला, तर मारणाऱ्याला फास, असा आमचा कायदा. म्हणून बिचारा च्यू रोज मंगला कोंबडीचं सूप पाजत होता. आठवड्यात मंग टुणटुणीत होऊन दुकानात बसला. आज सकाळी भगतानं धंद्याला बरकत यावी म्हणून त्याला मंतरलेला चिकट भाताचा गोळा दिला. 'आत जाऊन डोळे मीट आणि न चावता गीळ,' एवढंच पथ्य. मंग आत गेला तो गेलाच.

शिपायांनी च्यूच्या गळ्यात साखळी अडकवली. तेवढ्यात त्याची बायको लान्यिंग चौकशीला आलेल्या न्यायाधीशांपुढं आली.

"हुजूर, पिवळे रंग दोन. हळदीचा राखेच्या पाण्यानं लाल होतो, अनंताच्या फळाचा होत नाही. असं कापड नासवून मी सासूची बोलणी खाल्लीत. या भगतानं अनंताच्या कागदावर हळदीची मूठ काढलीय आणि तीर्थ म्हणून राखेची निवळी फवारलीय."

"जीभ झडेल तुझी," भगत गुरगुरला.

"माझी राहू द्या, बाबा. तुमची त्या राखेनं सोलली असेल, ती दाखवा."

तिनं तसाच कागद मागवला, हळदीनं एक वाटोळं काढलं आणि भगताचं तीर्थ शिंपडलं. वाटोळं लाल झालं.

"गोळा! गोळ्यानंच मारलं," लोक ओरडले.

"गप्प बसा," न्यायाधीश म्हणाले. "कागद काय, जो रंगवील त्याचं ऐकतो. घसा बघा."

तपासनिसानं चिमट्यानं मंगच्या घशातून अख्खा गोळा ओढून काढला.

"ठोसा नसता, तरी मंग या गोळ्यानं मेला असता," न्यायाधीश म्हणाले. "गोळा नसता, तर आत्ता टोफू विकत असता. साखळी भगताला घाला. च्यूला ठोशापुरते फटके."

मंडळी, कावळा बसला आणि फांदी तुटली, म्हणून कावळ्याला फाशी देऊ नका. आधी फांदी किडली होती का, ते बघा. डोळे मिटून गोळा गिळू नका आणि गोष्टही गिळू नका.

फटके खाऊन च्यू वाकत वाकत निघाला.

"फार दुखतंय का हो?" लान्यिंगनं विचारलं.

"दुखतंय तर," तो डोळे पुसत हसला. "मान शाबूत आहे, म्हणून दुखतंय."