जामीनदाराची सही

पंच्याण्णव सालच्या जुलैतल्या दुसऱ्या रविवारी सकाळी ओवे गावचे आनंदा घरत आमच्याकडे जिताडा घेऊन आले. मासा वर्तमानपत्रात गुंडाळलेला होता, शेपटी बाहेर राहिली होती. मागे त्यांची मुलगी रंजिता, हातात प्लॅस्टिकची फाइल घेऊन.

“अहो, केवढा हा,” आई म्हणाली. “आम्ही तीन माणसं.”

“मुंडकं मास्तरांना वाढा, वैनी. उद्याला बँकेत डोकं चालवायचं हाय त्यांना.”

“उद्या बँकेत काय आहे?” मी विचारलं.

रंजितानं भाऊंकडे पाहिलं. भाऊ म्हणजे माझे वडील. ते माशाकडे बघत होते.

“हिच्या कर्जाला मी जामीन राहतोय,” ते म्हणाले. “आपलं घर तारण ठेवून. तुला सांगायचं राहिलं.”

आईला ठाऊक होतं, हे तिच्या चेहऱ्यावरून दिसलं. तिनं मासा उचलला आणि आत गेली.

भाऊंनी पनवेलच्या एका शाळेत तेहतीस वर्षं गणित शिकवलं. नोकरीत असल्यापासूनच घरी येईल त्याला शिकवायचे, पैसे न घेता. रंजिता आठवीत असल्यापासून यायची. आता ती इंजिनिअर झाली होती, आणि सांडपाणी शुद्ध करण्याच्या शास्त्रासाठी तिला अमेरिकेतल्या एका विद्यापीठात प्रवेश मिळाला होता. अर्धी फी माफ. उरलेल्या खर्चाला बँकेचं चार लाखांचं कर्ज हवं होतं, आणि बँकेला तारण हवं होतं. घरतांची जमीन सरकारनं नव्या शहरासाठी घेतलेली. तिच्या बदल्यात साडेबारा टक्क्यांचा भूखंड मिळायचा होता, पण तो अजून कागदावरही आलेला नव्हता. मी पंचायत समितीत नोकरी करते. असे कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जायला किती वर्षं लागतात ते मी रोज बघते.

भाऊंनी कॅलेंडरचं जून महिन्याचं पान उलटं केलं आणि पेन्सिलीनं हिशेब मांडला. हिशेब आधी झालेला होता, पण रंजिताला पुन्हा एकदा दाखवल्याशिवाय त्यांना चैन पडलं नसतं.

“साडेसोळा टक्के व्याज. सात वर्षं. महिन्याला आठ हजार. आमच्या वसूचा पगार बत्तीसशे आहे, माझं पेन्शन त्याहून कमी. म्हणजे तू फेडलं नाहीस तर आमच्याच्यानं फिटणार नाही. बघ.”

रंजितानं पान पाहिलं. “फिटेल की, सर.”

“कशावरून?”

“तिथं साधी नोकरी लागली तरी महिन्याला दोन हजार डॉलर मिळतात. त्यातले अडीचशे बँकेला. आणि नाहीच लागली, तर भांडी घासीन.”

“भांडी घासायला अमेरिकेत कशाला? आमच्याकडे घास.”

“तुमच्याकडे तीन माणसांची किती निघणार?”

भाऊ हसले. खोकला येईपर्यंत हसले. मी दारात उभी राहून ते हसणं ऐकत होते. माझ्या कुठल्याही बोलण्यावर ते असे हसल्याचं मला आठवेना.

असंच एक गणित त्यांनी अठ्ठ्याऐंशी साली मांडलं होतं. तेव्हा समोर मी होते. वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. केलेली, कर्नाळ्याच्या ओढ्याकाठचे नेचे वर्तमानपत्रांत दाबून घराचा अर्धा माळा भरून टाकलेली. स्कॉटलंडमधल्या एका विद्यापीठाचं पत्र आलं होतं. नेच्यांवर काम करणारा विभाग तिथे होता आणि त्यांना मी हवी होते. पैसे मात्र पूर्ण द्यायला तयार नव्हते. नव्वद हजार उभे करायचे होते. भाऊंनी व्याज धरलं, आपली चार वर्षांची उरलेली नोकरी धरली, माझं लग्न धरलं, आणि कागद माझ्याकडे सरकवला.

“तुला काय वाटतं?”

मी तळाचा आकडा पाहिला. मग त्यांच्याकडे पाहिलं. “मला नाही जायचं,” मी म्हटलं. “तितकं काही अडलेलं नाही.”

“नक्की?”

“नक्की.”

त्यांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला. त्या वेळी त्यांच्या चेहऱ्यावर मला सुटका दिसली. ती होती की मला दिसली, हे आता कुणाला विचारू? पण ती सुटका मी सात वर्षं जपून ठेवली. भाऊंनी मला पाठवलं नाही, असं मनातल्या मनात म्हणत राहिले. नोकरी धरली. वाचनालयातली कपाटं एकामागून एक संपवली. प्रवासवर्णनं तेवढी वाचवत नसत.

रंजिताबद्दल मला जे वाटायचं, तो हेवा होता. दुसरा शब्द शोधत बसत नाही. हेवा करणारी माणसं मी कथा-कादंबऱ्यांतून पुष्कळ पाहिली होती आणि त्यांत स्वतःला ओळखायला मला वेळ लागला नाही. ओळखल्यानं तो कमी झाला नाही, एवढंच. ती जिन्यातूनच “सर” अशी हाक मारायची. भाऊंच्या हातातली पेन्सिल काढून घेऊन त्यांचीच पायरी खोडायची. त्यांच्याशी भांडायची, आणि ती गेल्यावर भाऊ तासभर खुशीत असायचे. मी घरात कधी भांडले नाही. मला वाटायचं, त्याचे मला गुण मिळत असतील.

त्या रविवारी आम्ही जिताडा जेवलो. आईनं चिंचेचं कालवण केलं होतं. दुपारी भाऊ माझ्याजवळ येऊन बसले.

“वसू, उद्या बँकेत येशील बरोबर? कागद इंग्रजीत आहेत. सही करायच्या आधी तू एकदा वाचलेस तर बरं.”

“रजा शिल्लक नाही,” मी म्हटलं. माझी अकरा दिवसांची रजा शिल्लक होती.

“असू दे,” भाऊ म्हणाले. “रंजिता आहे.”

सोमवारी ते इस्त्रीचा सदरा घालून दहा वाजता निघाले. वडाळे तळ्यापाशी रंजिता त्यांना भेटली. शंभर पावलं चालले असतील, तेवढ्यात छातीला हात लावून कठड्याला टेकून खाली बसले. रिक्षातून दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. ऑफिसातून मी पोचले तेव्हा रंजिता बाकावर बसली होती आणि घराच्या कागदांची पिशवी तिच्या मांडीवर होती.

“शेवटी काही बोलले?” मी विचारलं.

“‘फोटो आणलेस ना’ म्हणाले. पासपोर्टचे. बँकेला तीन लागणार होते.”

म्हणजे शेवटचं वाक्यही तिच्यासाठीच होतं. वडिलांना जाऊन अर्धा तास झाला नव्हता आणि माझ्या मनात हे आलं. लिहायला लाज वाटते, पण आलं.

घरी ती माझ्यापेक्षा मोठ्यानं रडली. मी रडले नाही म्हटलं तरी चालेल. पाणी कोण देणार, फोन कुणाकुणाला करायचे, यात माझा दिवस गेला. गल्लीतल्या बायका तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. शोभाकाकू म्हणून शेजारीण आहेत, त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “पोरीनं बापासारखं मानलं गं त्यांना.” मी मान हलवली आणि चहाचे कप मोजायला आत गेले.

भाऊंना जाऊन सव्वीस दिवस झाल्यावर, शनिवारी दुपारी बापलेक पुन्हा आले. या वेळी मासा नव्हता. आनंदा घरत दाराजवळच्या स्टुलावर बसले. रंजितानं पिशवी आईच्या हातात दिली. “घराचे कागद. सगळे आहेत. मोजून घ्या, आई.”

मग माझ्याकडे वळून तिनं बँकेचं पत्र पुढे केलं. नवा जामीनदार दहा ऑगस्टपर्यंत दिला नाही तर मंजूर झालेलं कर्ज रद्द होईल, असं त्यात होतं.

“ताई, तुम्ही राहाल जामीन?”

“रंजे,” आनंदा घरत म्हणाले, “आज ती गोष्ट काढायची नाय, तुला वाटेत सांगलं व्हतं.”

“मग कधी काढू, बाबा? आज पाच तारीख आहे.”

“बघा वैनी. आमी येवढे वर्स मिठागरात राबलो, पन असा तोंड वर करून कुनाकडं मागलं नाय.”

मी पत्र दोनदा वाचलं. वाचण्यासारखं त्यात फारसं नव्हतं. वर बघायचं टाळत होते. हिला मागता येतं, हेच मला सोसत नव्हतं. माझ्या बापाला जाऊन महिना झाला नाही, आणि ही मुलगी सरळ डोळ्यांत बघून विचारते. मला आयुष्यात असं एकदाही जमलं नव्हतं.

“नोकरी मिळाली नाही तर?” मी विचारलं.

“दुसरी शोधीन.”

“आणि तिकडेच लग्न करून बसलीस, आम्हाला विसरलीस तर? सात वर्षं आहेत. माणसं सात महिन्यांत विसरतात.”

“तर बाबांना धरा.”

“मला धरून काय भेटनार?” आनंदा घरत म्हणाले. “एक तलाव हाय. त्यातले जिताडे न्या.”

आईला हसू आलं. सव्वीस दिवसांत पहिल्यांदा. रंजिता हसली नाही.

“मला भीती वाटते, ताई,” ती म्हणाली. “आठ हजार मी सरांपुढे बोलून गेले. घरी गेल्यावर हात गार पडले माझे. सरांचं घर, आता आईंचं. नाही म्हणालात तर मी समजेन. पण मला जायचंय.”

भीती वाटते आणि जायचंय, दोन्ही तिनं एका दमात सांगून टाकलं. मला सात वर्षांपूर्वी त्यातलं एकही सांगता आलं नव्हतं.

नाही म्हणणं अगदी सोपं होतं. माझा पगार बत्तीसशे. घरात म्हातारी आई. परक्या मुलीचं चार लाखांचं कर्ज. कुणालाही विचारलं असतं तर त्यानं मला शहाणी म्हटलं असतं. एकेक कारण तपासून पाहिलं तर खरंच होतं. आणि त्या खऱ्या कारणांच्या आड, तिनंही राहावं, पंचायत समितीत अर्ज करावा, माझ्या शेजारच्या टेबलावर बसून जावक नोंदवहीत आकडे लिहावेत, असं मला वाटत होतं. ते टेबल रिकामंच होतं. ती तिथे कशी दिसेल हेसुद्धा मी पाहून घेतलं.

“आई, तुला काय वाटतं?” मी विचारलं. घर आता तिचं आणि माझं होतं, सही दोघींची लागणार होती.

“मला त्या कागदांतलं काही कळत नाही. तू म्हणशील तसं.” आईनं पिशवीची गाठ सोडली, पुन्हा बांधली. मग आनंदा घरतांकडे वळून म्हणाली, “राग मानू नका भाऊसाहेब, पण कर्जाचं ओझं फार वाईट. आमच्या वसूलासुद्धा आलं होतं हो परदेशातून पत्र. ती स्वतःहून नको म्हणाली. हे मला म्हणत होते, अगं, काढू कुठून तरी, शाळेच्या पतपेढीतून काढू. त्यांनी चौकशीही केली होती. पण हिचंच मन नव्हतं.”

“कधी चौकशी केली होती?” मी विचारलं.

“तेव्हाच की. तू नको म्हणालीस त्याच्या आदल्या दिवशी अर्ज घेऊन आले होते. मग परत देऊन आले.” आई पुन्हा त्यांच्याकडे वळली. “मुलगी समजूतदार म्हणून ह्यांना फार कौतुक. सगळ्यांना सांगायचे, आमच्या वसूला असल्या गोष्टींची हौसच नाही. घर बरं आणि पुस्तकं बरी.”

आनंदा घरतांनी माझ्याकडे आदरानं पाहिलं. “नशीब लागतं अशी पोर मिलायला,” ते म्हणाले. रंजितानं मान खाली घातली आणि बँकेचं पत्र घ्यायला हात पुढे केला.

मी ते दिलं नाही.

“सोमवारी अकरा वाजता बँकेत ये,” मी तिला म्हटलं. “आईला मी घेऊन येते. पण कागद मी आधी पूर्ण वाचणार, आणि दर तीन महिन्यांनी मला तुझं पत्र आलं पाहिजे, हप्त्याच्या पावतीसकट.”

“येईल, ताई.” ती माझ्या पायाशी वाकायला लागली.

“वाकू नकोस. तुझ्यावर माया म्हणून करत नाहीये मी. मला तुझ्याकडे बघवत नाही, रंजिता. तू आठवीत होतीस तेव्हा तसं नव्हतं, गेली सात वर्षं आहे. उद्याही असेल.”

“वसू, काय बोलतेस हे?” आई म्हणाली. “दुखवट्याच्या घरात?”

“मला हौस होती, आई,” मी म्हटलं. “भाऊंनी ‘नक्की?’ म्हणून विचारलं, तेव्हा मी खोटं बोलले. मला जायचं होतं. फार जायचं होतं.”