अर्ध्यावरचा काटा

गाडीतल्या पेट्रोलचा काटा कायम अर्ध्यावर. टाकी भरा नाहीतर कोरडी ठेवा, तो आपला तिथेच. वाल्मिकची ही गोल दिव्यांची निळी गाडी त्याच्या वडिलांच्या वेळची. सामरवरणीच्या अंगणात पत्र्याखाली ती उभी असे, आणि मागच्या सीटवर एक वेताची छडी आडवी पडलेली असे. पेट्रोल किती उरलंय ते छडी टाकीत बुडवून बघायचं. छडीवर लाल नेलपॉलिशच्या खुणा होत्या. उषाच्या. वाल्मिकच्या पहिल्या बायकोच्या. ती गेली, खुणा राहिल्या.

धनश्रीच्या गळ्यात लग्नापासून मंगळसूत्राशेजारी काळ्या दोऱ्यात एक चांदीचा टाक होता, उषाच्या नावानं ठसवलेली छोटी प्रतिमा. पारोळ्याच्या सासूबाईंनी, मंजुळाबाईंनी, स्वतः बांधलेला. "पहिलीचा टाक दुसरीनं घालावा बाई, म्हणजे ती रुसत नाही." धनश्रीनं घातला. मेलेल्या बाईचं काय मनावर घ्यायचं, असं तेव्हा वाटलं होतं.

मनावर घेतलं ते गेल्या रविवारी. दोघं दुधनीला निघाले आणि खानवेलच्या पुढे गाडी आचके देत थांबली. काटा अर्ध्यावर, टाकी कोरडी, छडी घरी. वाल्मिक बॉनेटला टेकून सहज बोलून गेला, "उषा असती तर छडी विसरली नसती."

धनश्री सागाच्या सावलीत जाऊन उभी राहिली. आईची एक ओवी मग आठवडाभर तिच्या ओठांवर बसून होती:

सवत गेली बाई, गेली गावाच्या पल्याड
तिच्या पायाची ग धूळ, माझ्या उंबऱ्याच्या अल्याड

या रविवारी तिनं पदर खोचला. गलोंड्याच्या कारखान्यात ती स्विचबोर्डच्या वायरी तपासायची. हा काटा काय वेगळा?

"अहो, चावी फिरवा आणि काट्याकडे बघत बसा."

तिनं डिकीतला गालिचा उचलला, टाकीवरच्या गोल झाकणाची वायर काढली.

"पडला! काटा खाली पडला!"

तीच वायर तिनं गाडीच्या पत्र्याला टेकवली.

"आता पार फुलवर!"

"म्हणजे काटा शहाणा, वायरही शहाणी. खोट टाकीत आहे. चावी बंद करा, बॅटरीची वायर सोडा. आणि तुळशीपुढची उदबत्ती विझवा आधी, नाहीतर दोघंही उषाताईंना भेटू."

वाल्मिक हसला. ती नाही हसली.

झाकण उघडून तिनं आतला तरंगता डबा दांडीसकट वर काढला. जुन्या पेट्रोलच्या चिकटानं दांडी मधोमध घट्ट बसली होती.

"बघा. पेट्रोल वर जावो, खाली जावो, हा हलतच नाही. एकाच जागी चिकटलाय."

"कधीपासून असेल?"

"ते तुम्हीच सांगा. कोणाच्या वेळेपासून चिकटलाय ते."

तेवढ्यात पारोळ्याहून फोन आला. रेंज तुटत होती. वाल्मिक ओरडून सांगू लागला, "हो आई, धनश्रीनंच टाकीचं काम काढलंय!"

"टाक काढला? माय वं! गळ्यातला टाक काढला तिनं?"

"टाकी, आई, टाकी!"

"घाल म्हणा परत! ती रुसंल!"

"घातलाय, आई," धनश्री फोनपाशी वाकून म्हणाली. टाकाला पेट्रोलचा वास येत होता.

चिंधीनं पुसून पुसून दांडी मोकळी झाली. झाकण बसलं, वायरी जोडल्या, चावी फिरली. काटा अर्ध्यावर अडला नाही, डगमगला आणि तळाशी जाऊन टेकला. टाकीत जेमतेम पंपापुरतंच पेट्रोल होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो खरं बोलत होता.

वाल्मिकचा हात मागच्या सीटकडे गेला. छडीकडे.

"कशाला?"

"खात्री करून घेतो."

"माझ्या कामाची खात्री तिच्याकडून?"

वाल्मिकचा हात तिथेच थांबला. त्यानं छडी उचलली, तिच्यावरच्या लाल खुणांवरून अंगठा फिरवला आणि न बुडवताच धनश्रीच्या हातात दिली.

धनश्रीनं गळ्यातून काळा दोरा काढला. छडीला गुंडाळून टाक बांधला, फेकावासा वाटत होता तरी नीट गाठ मारून. मग छडी होती तिथेच मागच्या सीटवर ठेवली आणि स्वतः पुढे येऊन बसली.

"उषाताई, तुम्ही गाडी सांभाळा. माणूस मी सांभाळते."

वाल्मिकनं गाडी आमलीच्या पंपाकडे वळवली. मग हळूच म्हणाला, "आईला टाकाचं काय सांगू?"

"सांगा, टाकी फुल आहे."