आर्डिसच्या पाळणाघराची फाइल

मी एक जुनी सरकारी फाइल आहे, पण मित्रांनो, मला धरायला जाल तर हाती काही लागणार नाही. पूर्वी लागलं असतं. तेव्हा मी पिवळट पुठ्ठ्याची होते आणि काउंटीच्या कचेरीत, एका लोखंडी कपाटात, इतर फायलींना खेटून उभी असायचे. माझ्यावर नाव होतं: आर्डिस हल्टग्रेन, घरगुती पाळणाघर. अमेरिकेत, मिनेसोटातल्या एका लहान गावात, टर्की पक्ष्यांचं मांस तयार करणाऱ्या कारखान्याच्या अलीकडच्या गल्लीत आर्डिसचं घर आहे. नवरा गेल्यावर तिनं घरातच मुलं सांभाळायला घेतली, रीतसर परवाना काढला, आणि त्या दिवशी माझा जन्म झाला.

दर वर्षी कचेरीतली मार्गिट नावाची तपासनीस आर्डिसकडे जायची, अगोदर न कळवता. धुराची घंटा वाजते का, औषधांच्या कपाटाला कुलूप आहे का, बाळांना पाठीवर निजवलंय का, हे सगळं पाहून जे चुकलं असेल ते ती माझ्यात लिहायची. लिहिलेलं सगळ्या आईबापांसाठीच होतं. पण ते वाचायचं तर बर्फातून गाडी हाकत कचेरीत यायचं, खिडकीपाशी अर्ज द्यायचा आणि आतल्या बाईंची जेवणाची सुट्टी संपायची वाट बघायची. एवढा खटाटोप कोण करणार? वर्षानुवर्षं मी धूळ खात पडले. कुणीतरी आपल्याला उघडावं, एवढीच आस होती.

मग एके वर्षी आम्हा सगळ्यांना कपाटातून काढलं, यंत्राखाली घातलं आणि आमची पानं इंटरनेटवर चढवली. आता कुणीही घरबसल्या आम्हाला वाचू शकत होतं. आणि एक नवल झालं. जो मला उघडतो, त्याचं घर तेवढ्या वेळापुरतं मला दिसतं, तिथलं बोलणं ऐकू येतं. मार्गिटलाही लॅपटॉप मिळाला आणि ती आर्डिसच्या स्वयंपाकघरात बसून मला उघडू लागली. ज्या घराच्या चुका मी इतकी वर्षं पोटात घेऊन बसले होते, ते घर मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

खिडकीत इवल्या मोज्यांची रांग वाळत होती. एक मुलगी टेबलाखाली बसून बाहुलीला दम देत होती. ओव्हनमध्ये खिमा-बटाट्याचं हॉटडिश शिजत होतं. मला वास येत नाही, याचं त्या दिवशी फार वाईट वाटलं.

"आर्डिस, जिन्याचं फाटक नीट लागत नाहीये," मार्गिट म्हणाली.

"लागतं गं. जरा उचलून ओढायचं. तुला जमत नाही, म्हणजे पोरांनाही जमणार नाही."

"मी लावायचं म्हणतेय, उघडायचं नाही. लिहावं लागेल."

"मग लिही की. पगार कशाचा घेतेस? पण आधी जेव, मग लिही."

"कामावर असताना खाता येत नाही आम्हाला."

"मग नुसता वास घे आणि लिही."

त्याच आठवड्यात आर्डिसनं नवं फाटक बसवलं आणि मार्गिटनं येऊन तेही माझ्यात नोंदवलं. एकदा औषधांचं कपाट उघडं सापडलं, ते लिहिलं गेलं. कुलूप लागलं, तेही लिहिलं गेलं. पुढे एक मुलगा झोपाळ्यावरून पडला आणि त्याचा हात मोडला. आर्डिसनं त्याच्या आईला बोलावलं, त्याला डॉक्टरकडे नेलं आणि मग स्वतःहून कचेरीला फोन करून सांगितलं. नियमच तसा आहे म्हणा, पण तो किती जण पाळतात, ते आम्हा फायलींना विचारा.

"हे आता सगळ्यांना दिसेल हं," मार्गिट तिला म्हणाली.

"दिसू दे. पोराचा हात मोडलाय, काचेचा पेला नाही फुटलेला."

अशी मी लांबत गेले. माझी एक अडचण आहे. चुकलेलं लिहायला माझ्यात जागा आहे, बरोबर असलेलं लिहायला नाही. रडणाऱ्या बाळाला खांद्यावर घेऊन आर्डिस सबंध दुपार येरझाऱ्या घालते, हे कुठे लिहिणार? चूक सुधारल्याची नोंद असते, पण ती खाली, अगदी शेवटी. तिथवर यायला लोकांना सवड नसते. मला मात्र वर्षभर एकच ओढ असायची, की मार्गिटनं पुन्हा त्या स्वयंपाकघरात मला उघडावं.

एका ऑक्टोबरात टेसा नावाच्या तरुण आईनं मला उघडलं. घरोघरी टर्की खाण्याचा थँक्सगिव्हिंगचा सण जवळ आल्यामुळे कारखान्यात माणसं भरत होते आणि सोमवारपासून तिची पहाटेची पाळी होती. मांडीवर तिचा वेस्ली होता. त्याला दात येत होते, म्हणून तो एक चमचा चावत बसला होता. शेजारी तिचा नवरा कोल बूट काढत होता.

"आई गं, केवढं लिहिलंय हिच्याबद्दल," टेसा म्हणाली. "औषधांचं कपाट उघडं, जिन्याचं फाटक खराब. आणि हे बघ, एका पोराचा हात मोडला."

"मग राहू दे ती. पाण्याच्या टाकीमागची शॉना आहे ना, तिचं बघ. कारखान्यातल्या लोकांची निम्मी पोरं तिच्याचकडे असतात. पहाटेही घेते."

टेसानं शॉनाचं नाव टाकलं. काहीच आलं नाही.

"हिच्याविरुद्ध एक अक्षरसुद्धा नाही," ती म्हणाली आणि तिचा चेहरा उजळला.

"सांगत नव्हतो?"

मित्रांनो, मला तोंड असतं तर मी त्या वेळी ओरडले असते. अगं टेसा, तिच्याविरुद्ध काही नाही, कारण तिची फाइलच नाही. तिनं परवाना काढलेला नाही. तिच्या घरात धुराची घंटा आहे का, हे बघायला आजवर कुणी गेलेलं नाही. पण टेसानं मला बंद केलं आणि वेस्ली दिसेनासा झाला. त्याच्या काळजीनं माझा जीव टांगणीला लागला.

मला बघून बिचकलेली टेसा एकटीच नव्हती. आर्डिसकडची मुलं मोठी होऊन शाळेत गेली आणि नवी येईनात. शेवटी थंडीच्या तोंडावर मार्गिटनं कचेरीत मला उघडलं आणि एक ओळ लिहिली: परवाना स्वेच्छेने परत. आर्डिसनं पाळणाघर बंद केलं होतं.

थँक्सगिव्हिंगनंतर एका दुपारी टेसानं मला पुन्हा उघडलं. यंत्र बिघडल्यामुळे कारखाना लवकर सुटला होता. तिच्या पायात अजून कामावरचे रबरी बूट होते. घडलेलं ती कोलला सांगत होती.

"दार एका पाच वर्षांच्या पोरीनं उघडलं. आत नुसती पोरंच पोरं. शॉना दुकानात गेली होती म्हणे. वेस्ली तळघरात, अंधारात, बाळांना गाडीत बसवायच्या खुर्चीला पट्ट्यांनी बांधलेला. रडून रडून घसा बसलाय रे त्याचा. कचेरीला फोन केलाय मी, बाई निघाल्यात तिकडे."

कोलनं वेस्लीला तिच्याकडून घेतलं आणि छातीशी धरलं.

या खेपेला टेसानं मला शेवटपर्यंत वाचलं. नवं फाटक बसवलं, कपाटाला कुलूप लावलं, हात मोडल्याचं आर्डिसनं आपणहून कळवलं, सगळं वाचलं. मग ती शेवटच्या ओळीवर आली आणि थांबली. तरीही तिनं माझ्यावरचा फोन नंबर स्पीकरवर लावला.

"मिसेस हल्टग्रेन, तुम्ही बंद केलंत असं लिहिलंय."

"हो बाई. कोण बोलतंय?"

टेसानं सगळी हकिकत सांगितली. "मी तुमच्याबद्दल आधीही वाचलं होतं. पण अर्धंच."

"बहुतेक जण तेवढंच वाचतात," आर्डिस म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून मला ते जास्त लागलं. मग ती म्हणाली, "एकाच घरचं मूल सांभाळायला परवाना लागत नाही. उद्या घेऊन ये त्याला. पण एक ऐक. आता माझ्याकडे तपासायला कुणी येत नाही. तेव्हा तू येत जा. कधीही, न सांगता. दार वाजवू नकोस, सरळ आत ये."

टेसानं हातानं डोळे पुसले आणि मला बंद केलं.

त्यानंतर मला कुणी उघडलेलं नाही. बंद पडलेल्या पाळणाघरांच्या फायली काही वर्षं ठेवतात आणि मग काढून टाकतात, असं ऐकते. मित्रांनो, तुमच्या घरात लहान भावंड असेल आणि त्याला कुणाच्या हाती सोपवायचं असेल, तर मोठ्यांना माझा निरोप सांगा. फाइल असेल तर ती पुरती वाचा. नसेल तर का नाही ते विचारा. आणि एकदा तरी अवचित जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी पाहा.

मला तेवढं करता येत नाही. वेस्ली एव्हाना चालायला लागला असेल. आर्डिसच्या घरात तो कसा चालतो, ते एकदा पाहायची मला फार इच्छा आहे.